केडीई प्लाझ्मावर टायलिंग: डेस्कटॉप तोच ठेवून विंडो आपोआप मांडण्यासाठी

केडीई प्लाझ्मा हा लिनक्सवरचा एक तयार डेस्कटॉप आहे. टायलिंगमध्ये विंडो एकमेकींवर चढत नाहीत, फरशा बसवाव्यात तशा शेजारी-शेजारी बसतात. पहिली विंडो उघडली की पूर्ण स्क्रीन तिची. दुसरी उघडली की जागा दोघींत वाटली जाते, तिसरी आली की पुन्हा वाटणी होते. कोपरे धरून ओढणं, मागे लपलेली विंडो शोधणं, हे सगळं थांबतं. कोड आणि टर्मिनल, पीडीएफ आणि टिपण, मूळ मजकूर आणि भाषांतर असं जोडीनं काम करणाऱ्याला याचा उपयोग पहिल्या दिवसापासून होतो.

यासाठी आयथ्री किंवा स्वे हे खास टायलिंगचे विंडो मॅनेजर (विंडो मांडणारे प्रोग्राम) बसवा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. दोन्ही उत्तम आहेत, पण नवख्याने तिथून सुरुवात करू नये. तिथे वाय-फायचं चिन्ह, आवाजाची बटणं, ब्लूटूथ, स्क्रीनचा उजेड, नोटिफिकेशन असं एकेक स्वतः जोडत बसावं लागतं, आणि टायलिंग आवडतंय की नाही हे कळायच्या आधीच माणूस थकतो. प्लाझ्मावर हे सगळं तयार आहे. त्यात फक्त टायलिंगची भर घालायची आहे.

'प्लाझ्मा ठेवा आणि त्यातलं केविन काढून आयथ्री घाला' अशा जुन्या कृतीही सापडतील. केविन म्हणजे प्लाझ्माचा स्वतःचा विंडो मॅनेजर. त्या एक्स-११ या स्क्रीनवर विंडो दाखवण्याच्या जुन्या व्यवस्थेच्या काळातल्या आहेत. तेव्हा विंडो मॅनेजर हा वेगळा प्रोग्राम असायचा, म्हणून तो बदलता यायचा. वेलँड या नव्या व्यवस्थेत विंडो मांडणं, स्क्रीनवर चित्र काढणं आणि कीबोर्ड-माउसचे इशारे वाटणं ही तिन्ही कामं केविनच करतं. ते काढलं तर मागे डेस्कटॉपच उरत नाही. म्हणून आता योग्य वाट म्हणजे केविनलाच टायलिंग शिकवणारी स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा जोड-प्रोग्राम. खालची कृती त्याच वाटेची आहे.

सुरुवातीआधी हाताशी हवं

- प्लाझ्मा ६ किंवा त्यापुढची आवृत्ती (५.२७ असेल तर फक्त पायरी ४ पर्यंतच करा)
- इंटरनेट
- सेटिंग्जच्या तीन फायलींची प्रत (पायरी २)
- तुम्ही रोज वापरता त्या शॉर्टकटची कागदावर लिहिलेली यादी. ही टाळू नका, पायरी ६ मध्ये तिच्यावरच सगळं अवलंबून आहे.

पुढे जिथे 'मेटा' लिहिलंय तिथे कीबोर्डवरची विंडोजच्या चिन्हाची कळ समजा. केडीईमध्ये तिला मेटाच म्हणतात.

१. आवृत्ती तपासा

सिस्टिम सेटिंग्ज उघडा आणि 'अबाउट धिस सिस्टिम' या पानावर जा. तिथे 'केडीई प्लाझ्मा व्हर्जन' आणि 'ग्राफिक्स प्लॅटफॉर्म' या दोन ओळी वाचा. दुसऱ्या ओळीत वेलँड किंवा एक्स-११ असेल.

कुबुंटू २४.०४ आणि डेबियन १२ वर प्लाझ्मा ५.२७ येतो. डेबियन १३ वर ६.३ आहे. फेडोराच्या केडीई आवृत्तीत ४० पासून प्लाझ्मा ६ आहे. हे पाहून ठेवणं महत्त्वाचं, कारण प्लाझ्मा ५ च्या स्क्रिप्ट ६ वर चालत नाहीत आणि ६ च्या ५ वर. पुष्कळ जण चुकीची स्क्रिप्ट बसवतात, काहीच घडत नाही, आणि दोष टायलिंगला जातो.

२. तीन फायलींची प्रत काढा

डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये होम फोल्डर उघडा आणि कंट्रोल+एच दाबा, म्हणजे लपलेले फोल्डर दिसतील. टिंबाने सुरू होणाऱ्या 'कॉन्फिग' फोल्डरमध्ये या तीन फायली शोधा: केविनआरसी (kwinrc), केग्लोबलशॉर्टकट्सआरसी (kglobalshortcutsrc) आणि केविनरूल्सआरसी (kwinrulesrc). पहिलीत स्क्रिप्टच्या सेटिंग्ज, दुसरीत सगळे शॉर्टकट, तिसरीत विंडोचे नियम असतात. नवीन इन्स्टॉलवर तिसरी अजून तयार झालेली नसेल, त्यात काळजीचं काही नाही. ज्या आहेत त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. पुढे काही विस्कटलं तर लॉगआउट करा, कंट्रोल+ऑल्ट+एफ३ ने टर्मिनलमध्ये शिरा, या प्रती जागेवर ठेवा आणि पुन्हा लॉगिन करा.

३. आधी प्लाझ्माच्या स्वतःच्या टाइल वापरा

५.२७ पासून प्लाझ्मात टाइलची सोय मुळातच आहे. ती आपोआप मांडणी करत नाही. जागा आखून देते, विंडो आपण ठेवायची. तरी इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे, कारण आपल्या स्क्रीनवर किती विंडो खरोखर मावतात हे इथे बिनधोक कळतं.

मेटा+टी दाबा. टाइल एडिटर उघडेल आणि तयार तीन उभे भाग दिसतील: कडेचे दोन प्रत्येकी पाव आणि मधला अर्धा. ही आखणी मोठ्या मॉनिटरसाठी ठीक आहे. १३६६×७६८ च्या लॅपटॉपवर मात्र कडेच्या भागाला जेमतेम ३४१ पिक्सेल मिळतात, आणि त्यात ब्राउझर नीट उघडतसुद्धा नाही. अशा स्क्रीनवर डावा आणि उजवा भाग काढून टाका, उरलेला एक भाग मधोमध उभा विभागा आणि ६८३-६८३ पिक्सेलच्या दोन टाइल करा. टर्मिनलचं एक अक्षर ८ पिक्सेल रुंद धरलं तर ८० अक्षरांची ओळ ६४० पिक्सेलमध्ये बसते, म्हणजे अर्ध्या भागात ती न मोडता दिसते. १९२०×१०८० च्या स्क्रीनवर अर्धा भाग ९६० पिक्सेलचा होतो. तिथे डावीकडे एक मोठी आणि उजवीकडे खाली-वर दोन, अशी तीन टाइलची आखणी छान चालते.

एडिटरमध्येच पॅडिंगचा आकडा आहे, तो म्हणजे टाइलमधली फट. लहान स्क्रीनवर शून्य ठेवा. एस्केप दाबून बाहेर या.

आता कुठलीही विंडो टायटलबारला धरून ओढा आणि ओढतानाच शिफ्ट दाबून ठेवा. टाइल उजळतील, हवी तिथे सोडा. शिफ्ट विसरलात तर काहीच होणार नाही. 'माझ्याकडे चालत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढंच असतं. दोन विंडो शेजारी बसल्या की त्यांच्यामधली कड ओढून पाहा. एक लहान होते तेव्हा दुसरी आपोआप मोठी होते.

प्लाझ्मा ६.४ पासून प्रत्येक व्हर्च्युअल डेस्कटॉपला (एकाच स्क्रीनवरचे वेगवेगळे डेस्कटॉप, पायरी ४ पाहा) वेगळी आखणी ठेवता येते. त्याआधीच्या आवृत्त्यांत ती पूर्ण स्क्रीनला एकच असते.

चार-आठ दिवस एवढंच वापरा. ज्यांचं काम कायम त्याच दोन-तीन विंडोंवर चालतं त्यांना याहून जास्त लागतही नाही, आणि त्यांनी पुढची स्क्रिप्ट बसवायची गरज नाही.

४. व्हर्च्युअल डेस्कटॉप तयार करा

टायलिंगमध्ये विंडो मागे लपत नाहीत, म्हणून एका डेस्कटॉपवर सहा विंडो उघडल्या की प्रत्येकीचं पोस्टाचं तिकीट होतं. उपाय म्हणजे कामं डेस्कटॉपांत वाटणं. सिस्टिम सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'व्हर्च्युअल डेस्कटॉप्स' टाइप करा, एकूण चार करा आणि त्यांना नावं द्या: लेखन, ब्राउझर, संवाद, इतर.

त्यांच्यात ये-जा करायला कंट्रोल+एफ१ ते कंट्रोल+एफ४ मुळातच ठरलेले आहेत. मेटा+कंट्रोल+बाण दाबला की शेजारच्या डेस्कटॉपवर जाता येतं, आणि त्यात शिफ्ट मिसळली की चालू विंडोही सोबत येते. मेटा+१, मेटा+२ यांनी डेस्कटॉप बदलावेत असं वाटणं स्वाभाविक आहे, पण त्या कळा टास्कबारवरचे प्रोग्राम उघडण्यासाठी राखलेल्या असतात. हव्या असतील तर आधी तिथून सोडवून घ्याव्या लागतात.

५. क्रोनकाइट बसवा

आपोआप मांडणीसाठी सध्या नवख्याला मी क्रोनकाइट (Krohnkite) ही स्क्रिप्ट सुचवेन. जुन्या लेखांत बिस्मथचं नाव दिसेल. ती प्लाझ्मा ५ ची स्क्रिप्ट, तिचं काम थांबलेलं आहे. तिच्या मागे जाऊ नका. पोलोनियम नावाची आणखी एक आहे. ती प्लाझ्माच्या मूळ टाइलवरच काम करते, त्यामुळे पायरी ३ मधली तुमची आखणी तिच्या ताब्यात जाते. कुठलीही घ्या, पण एका वेळी एकच चालू ठेवा. दोन स्क्रिप्ट एकाच विंडोला दोन जागा देऊ लागल्या की विंडो थरथरत राहते.

सिस्टिम सेटिंग्ज, विंडो मॅनेजमेंट, केविन स्क्रिप्ट्स असं जा. 'गेट न्यू' दाबा आणि शोधात क्रोनकाइट टाका. एकाच नावाच्या एकाहून जास्त नोंदी दिसू शकतात. वर्णनात प्लाझ्मा ६ चा स्पष्ट उल्लेख असलेली आणि अलीकडे अद्ययावत झालेली निवडा. इन्स्टॉल करा, पण लगेच टिक करू नका. आधी पुढची पायरी वाचून घ्या.

६. शॉर्टकटची भांडणं मिटवा

नवखे सगळ्यात जास्त इथे अडखळतात. क्रोनकाइटच्या कळा डीडब्ल्यूएम (एक टायलिंग विंडो मॅनेजर) आणि व्हिम (एक टेक्स्ट एडिटर) यांच्या वळणाच्या आहेत: मेटासोबत एच, जे, के, एल म्हणजे डावीकडे, खाली, वर, उजवीकडे. त्यातल्या काही कळा प्लाझ्माने आधीच घेतलेल्या आहेत:

- मेटा+एल: प्लाझ्मात स्क्रीन लॉक, क्रोनकाइटमध्ये उजव्या विंडोवर जाणं
- मेटा+डी: प्लाझ्मात डेस्कटॉप दाखवणं, क्रोनकाइटमध्ये मुख्य, म्हणजे सर्वांत मोठ्या भागातल्या विंडोंची संख्या कमी करणं
- मेटा+टी: प्लाझ्मात टाइल एडिटर, क्रोनकाइटमध्ये 'टाइल' मांडणी निवडणं

अशा वेळी ज्याने कळ आधी घेतली त्याच्याकडेच ती राहते. स्क्रिप्टची आज्ञा कळीविना रिकामी राहते आणि कुठलीही सूचना येत नाही. म्हणून जे आणि के चालतात, एच चालतं, आणि एल दाबलं की स्क्रीन लॉक होते. स्क्रिप्ट मोडलेली नसते, फक्त कळ दुसऱ्याकडे असते.

सुरुवातीला लिहिलेल्या यादीत यातल्या कुठल्या कळा आहेत ते पाहा. तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत.

*पहिला: व्हिमच्या कळाच हव्यात.* सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'शॉर्टकट्स' उघडा. स्क्रीन लॉक करण्याची आज्ञा शोधून तिला कंट्रोल+ऑल्ट+एल द्या, मेटा+एल तिथून काढा आणि अप्लाय करा. डेस्कटॉप दाखवण्याची आणि टाइल एडिटरची कळही तशीच हलवा. मग स्क्रिप्ट टिक करा, पुन्हा शॉर्टकट्सच्या शोधपट्टीत क्रोनकाइट टाका आणि यादीत जी आज्ञा रिकामी दिसेल तिला कळ द्या.

*दुसरा: बाणांच्या कळा.* मराठीत टाइप करणाऱ्यांना मी हाच सुचवेन. इन्स्क्रिप्ट लेआउट चालू असताना एच, जे, के, एल या कळांवर प, र, क, त ही अक्षरं असतात. लेआउट बदलला की अक्षरांवर बेतलेले शॉर्टकट दाद देत नाहीत असं होऊ शकतं. बाण मात्र कुठल्याही लेआउटमध्ये बाणच राहतात. शिवाय मेटा+ऑल्ट+बाण दाबला की त्या दिशेच्या विंडोवर जाता येतं, ही सोय केविनमध्ये आधीपासून आहे. तेव्हा फक्त विंडो हलवण्याच्या चार आज्ञांना कळा द्यायच्या राहतात. त्यांना मेटा+ऑल्ट+शिफ्ट+बाण द्या, म्हणजे 'जाणं' आणि 'नेणं' यांत फरक फक्त शिफ्टचा राहील आणि हाताला लवकर बसेल.

अक्षरांच्या कळाच ठेवायच्या असतील तर कीबोर्डच्या लेआउट यादीत इंग्रजी पहिली आणि मराठी दुसरी ठेवा. लेआउट बदलण्यासाठी प्लाझ्मात मेटा+ऑल्ट+के ठरलेलं आहे. नवीन शॉर्टकट देताना त्यावर घाला घालू नका.

७. स्क्रिप्ट सुरू करा आणि चार आज्ञा शिका

आता टिक करा आणि अप्लाय दाबा. उघड्या विंडो लगेच जागा घेतील. 'टाइल' या पहिल्या मांडणीत डावीकडे एक मोठी मुख्य विंडो असते आणि बाकीच्या उजवीकडे एकीखाली एक रचल्या जातात.

पहिले काही दिवस एवढ्याच आज्ञा पुरे: मेटा+एंटर म्हणजे चालू विंडो मुख्य जागी, मेटा+एफ म्हणजे चालू विंडो मांडणीतून मोकळी किंवा परत आत, मेटा+उलटी तिरकी रेघ म्हणजे पुढची मांडणी, मेटा+एम म्हणजे मोनोकल. मोनोकलमध्ये एकच विंडो पूर्ण जागा घेते आणि बाकीच्या मागे राहतात. १३६६ पिक्सेलच्या स्क्रीनवर स्प्रेडशीट उघडायची असेल तर हीच मांडणी कामाची. बाकीच्या डझनभर मांडण्यांपैकी स्पायरल, स्टेअर वगैरे सेटिंग्जमधून बंद करून टाका. नाहीतर हवी ती मांडणी गाठायला दहा वेळा कळ दाबावी लागते.

८. अपवाद ठरवा

काही विंडो मांडणीत बसवूच नयेत. कॅल्क्युलेटर अर्ध्या स्क्रीनभर ताणला की हास्यास्पद दिसतो. व्हिडिओ कॉलची छोटी नियंत्रणपट्टी मोठी झाली की मागचं काम झाकतं. त्यांना 'फ्लोट'च्या, म्हणजे मांडणीबाहेर मोकळ्या ठेवायच्या विंडोंच्या यादीत टाकायचं, आणि त्यासाठी विंडोचा क्लास (विंडो कुठल्या प्रोग्रामची हे सांगणारं नाव) माहीत हवा.

सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'विंडो रूल्स' उघडा, 'अ‍ॅड न्यू' आणि मग 'डिटेक्ट विंडो प्रॉपर्टीज' दाबा. माउसचा आकार बदलेल. हव्या त्या विंडोवर क्लिक करा. समोर येणाऱ्या यादीत विंडोचा क्लास, शीर्षक आणि प्रकार दिसेल. क्लास टिपून घ्या आणि नियम न साठवता बाहेर पडा. अंदाजाने नाव लिहू नका, कारण तोच प्रोग्राम तुमच्या लिनक्स डिस्ट्रोच्या भांडारातून घेतला की एक क्लास दाखवतो आणि फ्लॅटपॅकमधून (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारी पॅकेजं) घेतला की दुसरा.

मग केविन स्क्रिप्ट्समध्ये क्रोनकाइटसमोरचं सेटिंग्जचं चिन्ह दाबा आणि नियमांच्या टॅबमध्ये ते नाव जसंच्या तसं लिहा. दोन नावांत स्वल्पविराम.

फायरफॉक्सच्या पिक्चर-इन-पिक्चरपाशी फार जण फसतात. त्या छोट्या व्हिडिओचा क्लास मुख्य ब्राउझरचाच असतो. क्लास यादीत टाकला की अख्खा ब्राउझरच मांडणीबाहेर जातो. इथे शीर्षकावरून अपवाद करायचा. शीर्षक ब्राउझरच्या भाषेप्रमाणे बदलतं, म्हणून तेही वरच्याच पद्धतीने वाचून घ्या.

इथे लक्षात ठेवा: स्क्रिप्टची सेटिंग बदलून अप्लाय केलं तरी ती ताबडतोब लागू होईलच असं नाही. स्क्रिप्टची टिक काढा, अप्लाय. टिक परत लावा, अप्लाय. हे माहीत नसलं तर बरोबर लिहिलेला नियमही चुकीचा वाटतो आणि माणूस तो खोडत बसतो.

९. दिसणं आणि वागणं

फटींसाठी स्क्रिप्टमध्ये वर, खाली, डावी, उजवी आणि मधली असे वेगळे आकडे आहेत. मोठ्या स्क्रीनवर ६ ते ८ पिक्सेल पुरतात.

टायटलबार काढण्याची सोयही तिथेच आहे. लहान स्क्रीनवर प्रत्येक विंडोमागे एक पट्टी वाचते, हे मोठं आहे. पण मग बंद करण्याचं बटण जातं. त्याआधी या तीन गोष्टी हाताला बसू द्या: ऑल्ट+एफ४ ने विंडो बंद, ऑल्ट+एफ३ ने विंडोचा मेनू, आणि मेटा दाबून माउसच्या डाव्या बटणाने विंडो हलवणं. टायटलबार गेला की कुठली विंडो चालू आहे हेही पटकन कळत नाही. त्यासाठी 'डेस्कटॉप इफेक्ट्स'मध्ये 'डिम इनअ‍ॅक्टिव्ह' चालू करा आणि तीव्रता अगदी कमी ठेवा.

'स्क्रीन एजेस'मध्ये डाव्या-उजव्या कडेला ओढलेली विंडो अर्ध्या भागात बसवण्याचा पर्याय असतो, तो बंद करा. नाहीतर विंडो ओढून जागा बदलताना स्क्रिप्ट आणि केविन दोघंही तिला ओढतात. जुन्या मशीनवर अ‍ॅनिमेशनचा वेग वाढवा, कारण एक विंडो बंद केली की उरलेल्या सगळ्या हलतात आणि ते रेंगाळलं तर डोळ्यांना त्रास होतो.

१०. बिघडलं तर

*विंडो शेजारणीवर चढते.* त्या प्रोग्रामची किमान रुंदी त्याच्या जागेपेक्षा जास्त आहे. स्क्रिप्ट जागा देते, पण प्रोग्राम त्याहून लहान व्हायला तयार नसतो. मुख्य जागी आणा, मोनोकल करा किंवा वेगळ्या डेस्कटॉपवर न्या.

*टर्मिनल किंवा ईमॅक्सच्या कडेला पट्टी उरते.* काही प्रोग्राम अक्षराच्या पूर्ण मापातच लहान-मोठे होतात. विंडो रूल्समध्ये त्यांच्यासाठी 'ओबे जॉमेट्री रिस्ट्रिक्शन्स' हा गुण जोडा, 'फोर्स' आणि 'नो' निवडा.

*प्लाझ्मा अद्ययावत केल्यावर मांडणी बंद पडली.* आधी स्क्रिप्टची नवी आवृत्ती 'गेट न्यू'मधून घ्या, मग टिक काढून लावा. महत्त्वाचं काम अर्ध्यावर असताना प्लाझ्मा अद्ययावत करू नका.

*सगळं काढायचं आहे.* टिक काढून अप्लाय करा, मग स्क्रिप्ट डिलीट करा. तिचे शॉर्टकट मात्र फाइलमध्ये मागे राहू शकतात आणि कळा अडवून ठेवतात. शॉर्टकट्सच्या पानावर क्रोनकाइट शोधून उरलेल्या आज्ञांच्या कळा काढा, किंवा लॉगआउट करून पायरी २ मधली शॉर्टकटची फाइल परत जागेवर ठेवा. मेटा+एल, मेटा+डी आणि मेटा+टी एकेकदा दाबून ती मूळ कामं करतात का ते पाहा.